मोतीबिंदू पिकेपर्यंत

अण्णा, आज आईच्या उजव्या डोळ्याचा विषय पुन्हा निघाला आणि मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आला.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "कच्चा हाय अजून. पिकू दे, मग काढू." तेव्हा सगळेच तसं म्हणायचे, मान्य. पण पारनेरला डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा कांदा काढायचा होता, पुढच्या खेपेला म्हैस व्यायला झाली होती. ऑपरेशननंतर आईला वाकायची बंदी, चुलीपाशी बसायची बंदी. मग धार कोण काढणार? अजून डोळ्यांपुढे येतं: अंधाऱ्या स्वयंपाकघरात ती एका डोळ्यानं चाचपडत ज्वारी निवडते आहे, आणि भाकरी कचकचली तरी तुम्ही गुमान गिळता आहात. मला वाटायचं, केवढा सोशिक माणूस! आता संशय येतो, अण्णा. खडा लागला म्हणाला असतात, तर तिला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. तुम्ही गेल्यावर मामानं नेलं, तोवर उशीर झाला होता. तो डोळा गेला तो गेलाच.

आता एकच राहिलाय, त्यातही मोतीबिंदू. इथला संगमनेरचा डॉक्टर म्हणतो, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, लगेच करून घ्या. मला त्याच्या घाईचाच संशय आला. तुमचा धाकटा पुण्याहून फोनवर 'उरकून टाक' म्हणतो. त्याला काय, डोळ्यात औषध घालायला मी आहेच. दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, तोही तेच बोलला, तर वाटलं, दोघं एकाच माळेचे मणी. एवढ्या शंका काढून शेवटी ठरवलं काय, तर दिवाळीच्या सुट्टीत करू. घाई नको, आईच्याच भल्याचं आहे, असं सगळ्यांना सांगितलं. शाळेत रजा टाकावी लागणार नव्हती, हे कुणाला सांगितलं नाही.

आज संध्याकाळी आई लसूण सोलत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला कधी करायचंय? आपल्या घरात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, तुम्हीही नाही.

"उद्या," ती मान वर न करता म्हणाली. "तुमाला थांबायला काय जातंय? तुमाला दिसतंय."

डॉक्टरला फोन केला, परवाची वेळ मिळाली. हे पत्र कुठे धाडायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. 'तुझ्या सवडीनं कर' असंच ती म्हणेल, याची खात्री होती म्हणून मी तिला विचारलं होतं.