पान सत्तेचाळीस

डेव्हनपोर्ट,
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९५४

कमांडर लँगरिश साहेब,

नमस्कार. आपली आणि बाईसाहेबांची प्रकृती ठीक असेल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. थंडीत माझा गुडघा कुरकुरतो, एवढंच. आपण लिहिलेला ‘कॅलिस्टो’ क्रूझरचा युद्ध-इतिहास मिळाला. छपाई सुरेख आहे, नकाशेही छान.

कौतुक इथेच संपलं.

साडेतीन वर्षं मी त्या जहाजावर काढली. नॉर्वेच्या बाजूला डेकवरचा बर्फ आम्ही कुऱ्हाडींनी फोडला. आपल्या पुस्तकात तो आपोआप वितळतो. माल्टाला तीनदा मालवाहू जहाजं राखत गेलो, त्यातली दोनच आपल्याला आठवतात. कप्तानांच्या मांजरीला दीड पान आणि बॉयलरखान्यात भाजून मेलेल्या आठ जणांना अर्धी ओळ. तेही मी मुकाट्याने गिळलं असतं. पण पान सत्तेचाळीस घशाखाली उतरत नाही. तिथे आपण लिहिता, “डाव्या बाजूचा टेहळ्या जॅक पेलो जागा सोडून खाली गेला होता, त्यामुळे विमानांची सूचना मिळाली नाही.”

त्या बॉम्बने एकोणीस माणसं गेली. जॅक त्यांतलाच एक. उरलेल्या अठरा जणांचं मरण त्याच्या डोक्यावर ठेवून आपण हात झटकलेत. लाज कशी वाटली नाही?

जॅकची आई आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. मोतीबिंदूमुळे तिला अक्षर दिसत नाही. पुस्तक छातीशी धरून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, जॅकचं पान वाचून दाखव. मी वाचलं. म्हणजे आपली ओळ गाळली आणि पेलो शेवटपर्यंत जागेवर होता, असं पदरचं घातलं. तिने ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पुस्तक उचलून ती थेट चॅपलच्या पाद्र्यांकडे गेली. येत्या रविवारी, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या प्रार्थनेत, सगळ्या वस्तीसमोर ते पान वाचलं जाणार आहे. पाद्र्यांचे डोळे उत्तम आहेत.

पाळ्यांच्या तक्त्यावर जॅकचं नाव होतं आणि प्रेत खाली सापडलं, त्यावरून आपण लिहिलंत म्हणाल. तक्ता राहू द्या. आपले कान काय सांगतात? त्या सकाळी वर ब्रिजवर जहाजाचा ताबा असलेला अधिकारी आपणच होतात. साडेनऊ वाजले होते, सूर्य डावीकडे होता. कोणीतरी ओरडून सांगितलं, उन्हातून विमानं येताहेत. आपण मागे वळूनही न बघता म्हणालात, “आपलीच आहेत ती. उगाच बोंबलू नकोस.” तो माणूस पुन्हा ओरडला. तेव्हा आपण त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंत. आणि आता लिहिता, सूचना मिळाली नाही.

आपण विचाराल, तुला हे कसं ठाऊक. ओरडणारा मी होतो.

जॅकची दाढ रात्रभर ठणकत होती. सकाळी गाल पावासारखा फुगला. मला म्हणाला, “विल्फ, तेवढी माझी पाळी घे रे. दुपारच्या वाटपातली माझी रम तुला.” रमच्या बदल्यात पाळी द्यायची नाही असा नियम होता आणि तो पाळणारा एक खलाशी त्या जहाजावर नव्हता. परवानगी मागितली तर रमचं बिंग फुटून दोघांनाही शिक्षा, म्हणून कोणी मागत नसे. मी त्याच्या जागी वर गेलो. तो खाली माझ्या बाकावर आडवा झाला. बॉम्ब तिथेच पडला.

चौकशीत मी म्हणालो, मी तोफेवर दारूगोळा पोचवत होतो. हुद्द्याची पट्टी दंडावर चढून जेमतेम महिना झाला होता, ती जाईल याची भीती. आपण माझ्याकडे बघितलंत, मी खाली बघितलं. मेलेल्या माणसाने आपल्या दोघांचीही सोय केली. आपल्याला शिव्या देत ही तिसरी सिगारेट ओढतोय, पण सगळ्या शिव्या आपल्या एकट्याच्या नाहीत, हे मला कळतं.

काल पेलोबाईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. माझं संपेपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग तिने विचारलं, “आणि त्याची रम?”

बाई खलाशाची बायको आणि खलाशाची आई. तिला फसवणं शक्य नव्हतं. प्यायलो, म्हटलं. त्या दुपारी वाटप झालं तेव्हा मेलेल्यांची नावं अजून यादीतून उडाली नव्हती. जॅकचा वाटा आला, आणि आमचं काय ठरलं होतं हे माहीत असलेल्या एकाने तो माझ्या हातात दिला. मी तो एका घोटात संपवला.

“युद्ध संपल्यापासून दर रविवारी माझ्या घरी जेवतोयस तू, विल्फ,” ती म्हणाली. मी टोपी उचलली तेव्हा म्हणाली, “पाद्र्यांनी नाही वाचायचं. तू वाचायचंस. आणि त्या साहेबालाही कळव.”

म्हणून हे पत्र. प्रार्थना सकाळी अकराला आहे, चॅपल गोदीच्या फाटकासमोर. आपलं पान आधी जसं छापलंय तसं वाचेन आणि मग खरं सांगेन. माझं नाव घेईन, आपलंही घेईन. आलात तर तोंडावर घेईन, नाही आलात तरी घेईन. या रविवारपासून माझं जेवण माझ्याच घरी आहे, तेव्हा मला आता कोणाची भीड उरलेली नाही.

त्या सकाळी जॅक पेलोच्या जागी उभा असलेला,
विल्फ्रेड टोझर