बिनपायांचा स्टाफ

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. उद्योग मोठा झाला की मुलाखतवाले सुरुवातीचे दिवस कसे होते असं विचारतात आणि तेव्हा संस्थापकाला काही आठवत नाही. माझं तसं व्हायला नको.

पार्श्वभूमी: एकोणीस वर्षं एचआरमध्ये. गेल्या महिन्यात कंपनीत कपात झाली. कपातीच्या पत्राचा मसुदा मीच केला होता, नावं नंतर भरली गेली. माझं पत्र मिळाल्यावर शांतपणे वाचलं. भाषा उत्तम होती.

रडत बसणाऱ्यांतला मी नाही. गांडूळखताचा उद्योग सुरू करतोय. गॅरेज रिकामं आहेच (गाडी कंपनीची होती). बरेच व्हिडिओ पाहिले. या धंद्यात लोक का बुडतात ते लक्षात आलं. सगळे गांडुळांकडे गांडूळ म्हणून बघतात. मनुष्यबळ म्हणून कोणीच बघत नाही.

कंपनीचं नाव ठरलं: अंडरग्राउंड टॅलेंट.

संध्याकाळ

बायको विम्याच्या ऑफिसातून आली. तिला सगळं प्रेझेंटेशन दाखवलं. तिनं चप्पल न काढता पाहिलं. म्हणाली, शिवणक्लासवाल्या बाई गॅरेज भाड्यानं मागताहेत, त्यांना एप्रिलपर्यंत थांबवते. तोवर हायवेवरच्या नर्सरीवाल्यांनी तुझा माल घेतला तर गॅरेज तुझं. नाही घेतला तर मिळेल ती नोकरी धरायची, कुरकुर न करता.

मी लगेच हो म्हटलं. असं हुरूप आणणारं टार्गेट मला पूर्वी कोणी दिलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

स्टाफ जॉइन झाला. एका पोत्यात, शेणासकट. विकणाऱ्यानं सांगितलं की अंधारात ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि विसरून जा. मी मान डोलावली. जुन्या वळणाचं मॅनेजमेंट. विसरून जायचं तर मी कशाला आहे?

माशांची मोठी काचेची टाकी आणली आहे. पारदर्शक कारभार. वर ट्यूबलाइट. समोरच्या भिंतीवर आमचं व्हिजन मोठ्या अक्षरांत चिकटवलं. बायको म्हणाली की गांडुळांना डोळे नसतात. मी म्हटलं, आधीच्या कंपनीतही कोणी वाचत नव्हतं.

स्वागताचं भाषण केलं. सगळ्यांनी मध्येच खाली तोंड घातलं. लाजाळू आहेत, खुलतील.

८ फेब्रुवारी

हजेरी घेतली. डोकं आणि शेपूट सारखंच दिसत असल्यामुळे काहींची दोनदा लागली. एकूण हजेरी शंभर टक्क्यांच्या वर गेली. अशी हजेरी मी आयुष्यात पाहिली नाही.

रोज सकाळी खुरप्यानं संपूर्ण टाकी ढवळायचं ठरवलंय. खालचे वर, वरचे खाली. जॉब रोटेशन. नाहीतर माणूस एकाच जागी कुजतो.

१० फेब्रुवारी

बायको चिडलेली. तिच्या डब्याच्या झाकणातली रबरी रिंग हरवली. तांबडी होती. रिंग नसल्यामुळे भाजीचा रस पिशवीत सांडला आणि कुणाच्या तरी पॉलिसीवर गेला. डब्यातलं उरलंसुरलं मी रोज स्टाफच्या कॅन्टीनसाठी टाकीत टाकतो, त्याबरोबर रिंगही टाकली का असं विचारत होती. मी म्हटलं, मॅनेजमेंट डोळे मिटून काही टाकत नसतं.

तिला वेगळं टेन्शन असावं. ऑफिसात कौतुक होत नसेल.

१४ फेब्रुवारी

आहारात मोठी सुधारणा. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून संत्र्या-लिंबांच्या साली फुकट मिळतात. रोज दोन बादल्या. व्हिटॅमिन सी. याआधी जगातल्या एकाही गांडुळाच्या प्रतिकारशक्तीचा विचार झालेला नसेल.

गॅरेजमध्ये छान ताजा वास येतो. बायको नाकाला पदर लावून आत आली आणि तशीच बाहेर गेली.

१८ फेब्रुवारी

अत्यंत उत्साहवर्धक! सकाळी झाकण उघडलं तर कितीतरी जण काच चढून थेट वर येऊन बसलेले. तळागाळातून आलेली ही मंडळी. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. वर जायची ही जिद्द बघून भरून आलं.

त्यांची लीडरशिप ग्रुप म्हणून वेगळी नोंद केली आणि सगळ्यांना पुन्हा तळाशी ठेवलं. पाया पक्का हवा.

२३ फेब्रुवारी

लीडरशिप ग्रुप टाकीत नाही. गॅरेजच्या दाराखाली दोघे सापडले. तोंडं कुंपणाच्या भिंतीकडे. फील्ड व्हिजिट असावी. पण लेखी कळवायला हवं होतं.

नियम केला: बाहेर जाताना परवानगी. भिंतीवर लावला.

२७ फेब्रुवारी

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून हाक मारली. भिंतीला लागून त्यांच्या बाजूला एक ढीग आहे. घरातलं-अंगणातलं जे नको असेल ते काकू स्वयंपाकघराच्या पायरीवरून तिकडे भिरकावतात. वर एक जुनं ओलं पोतं. वीस वर्षांत त्या ढिगाकडे कोणी वळून बघितलेलं नाही. तर काकू म्हणाल्या, तुझी गांडुळं माझ्या कचऱ्यात आलीत, पुंजकेच्या पुंजके. परत हवीत का?

मी सांगितलं की त्यांना मी तिकडे डेप्युटेशनवर पाठवलंय.

काकू बरं म्हणाल्या आणि माझ्या देखत भाजीची देठं भिरकावली. काय ती कार्यसंस्कृती. ट्यूबलाइट नाही, व्हिजन नाही. चार दिवसांत परत येतील.

४ मार्च

कृषी महाविद्यालयात ग्रामीण नवउद्योजकांची स्पर्धा होती. मी चाळीस स्लाइड्स नेल्या. परीक्षक म्हणून तिथल्या जैवशास्त्राच्या मॅडम होत्या. पाचव्या स्लाइडलाच त्यांनी थांबवलं आणि नमुन्याचा डबा उघडायला सांगितला. वास घेतला. पुन्हा घेतला. विचारलं, लिंबाच्या साली किती टाकता? मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, आंबटपणानं त्यांची कातडी भाजत असेल हो, आणि रोज ढवळू नका, जरा त्यांची पाठ सोडा.

म्हणजे माझ्या मॉडेलमधल्या दोन मुख्य गोष्टी त्यांनी बरोबर हेरल्या. निरखून बघणारी बाई. बक्षीस मिळालं नाही, सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. फ्रेम करायला टाकलंय.

११ मार्च

गळती वाढतेय. पाय नसताना इतके जण काढता पाय कसा घेतात हा संशोधनाचा विषय आहे. आज मोरीपाशी एक जण सापडला. त्याला बशीत ठेवून राजीनाम्याची मुलाखत घेतली. पगार, वरिष्ठांचं वागणं, वाढीच्या संधी, सगळं विचारलं. तो अवघडून गप्प होता. शेवटी बशीच्या काठावरून निघून गेला. काकूंच्या दिशेला.

ही फोडाफोडी आहे. काकूंना लेखी नोटीस दिली: आमचं प्रशिक्षित मनुष्यबळ आपल्याकडे ठेवून घेता येणार नाही.

१३ मार्च

काकूंनी नोटीस वाचली नाही. तिच्यात काकडीच्या साली गुंडाळून ढिगावर टाकली. आज भिंतीवरून वाकून बघितलं तर नोटिशीचा फक्त एक कोपरा शिल्लक होता, माझ्या सहीचा. तोही हलत होता.

स्टाफनं माझी नोटीस खाल्ली. चवीनं.

मला वाईट वाटलं. ते इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

१९ मार्च

चांगली बातमी. प्रत्येक संस्थेत एक तरी माणूस असा असतो ज्याच्या जिवावर ती उभी असते. आमच्याकडे तो आहे. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, काचेला लागून. तांबूस, तुकतुकीत, अर्धा मातीत. बाकीचे गेले, हा हलला नाही. लिंबाबद्दल तक्रार नाही. मी ढवळतो तेव्हा गप्प ढवळून घेतो आणि पुन्हा आपला काचेशी येऊन बसतो. खातोही अगदी कमी.

भाषण चालू असताना तोंड न फिरवणारा हा पहिलाच.

त्याला महिन्याचा सर्वोत्कृष्ट कर्मचारी जाहीर केलं. फोटो काढून भिंतीवर लावला. सहभागाच्या प्रमाणपत्राची फ्रेम आली होती, तीच वापरली.

२६ मार्च

बायकोचा डबा पुन्हा गळला. तिनं झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी लावून पाहिली, तरी गळला. नवी रिंग मिळत नाही म्हणे, त्या मापाची येतच नाही आता. आज डबा मांडीवर उभा धरून बसमधून गेली.

शिवणक्लासवाल्या बाई येऊन गॅरेज टेपनं मोजून गेल्या. मी टाकीसमोर उभा होतो, मला वळसा घालून मोजलं. बायको त्यांना म्हणाली, अजून ठरलेलं नाही. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

५ एप्रिल

टाकीचा आढावा. साली जशाच्या तशा, फक्त त्यांच्यावर हिरवी बुरशी आलीय. खत असं अजून दिसत नाही. स्टाफ: एक.

याला मी गळती म्हणणार नाही. आता संस्था सुटसुटीत झाली. एकच माणूस, पण हुकमी. त्याच्याशी आज सविस्तर बोललो. नर्सरीवाले बाराला येताहेत, सगळी भिस्त तुझ्यावर, असं सांगितलं. तो डगमगला नाही. मी थोडा डगमगलो.

१२ एप्रिल

सकाळी इस्त्रीचा शर्ट. नर्सरीवाले वेळेवर आले. बायकोनं अर्धा दिवस रजा टाकली होती. कोपऱ्यातल्या सालींच्या बादल्या तिनं आदल्या दिवशीच कुठेतरी हलवलेल्या होत्या.

नर्सरीवाल्यांनी आधी भिंती वाचल्या. मग टाकीत हात घालून मूठभर वर काढलं, वास घेतला आणि विचारलं, हे काय मुरत घातलंय? मी आमचं मॉडेल समजावू लागलो. ते ऐकता ऐकता दाराबाहेर गेले. मी मागून बोलत राहिलो. ते कुंपणाच्या भिंतीपाशी थांबले, वाकले आणि काकूंच्या ढिगावरचं पोतं उचलून हात कोपरापर्यंत आत घातला.

बाहेर आलं ते काळं, भुसभुशीत, चहापत्तीसारखं. आणि त्यात माझा सगळा स्टाफ. गुबगुबीत. काहींची तर पिल्लंही झाली होती. माझ्याकडे असताना एकानंही लग्नाचा विषय काढला नव्हता.

काकू विळी ठेवून बाहेर आल्या. त्यांना वाटलं नर्सरीवाले पालिकेचे आहेत. म्हणाल्या, कचरा नेणार असाल तर सगळा न्या. नर्सरीवाले म्हणाले की मी हा विकत घेतो, दर महिन्याला घेईन. काकू पायरीवर बसल्या.

मी पुढे होऊन स्पष्ट केलं की ही माणसं माझी आहेत. काकू म्हणाल्या, मग ने की, ओळखून ने तुझी तुझी.

मी भिंत ओलांडून ढिगाशी उकिडवा बसलो. बराच वेळ बघितलं. एकानंही ओळख दाखवली नाही.

मागे वळलो तर बायको भिंतीपलीकडे उभी होती. तिनं मला हात दिला. भिंत बुटकी होती, हाताची गरज नव्हती.

१३ एप्रिल

गॅरेज रिकामं केलं. शिवणक्लास सोमवारी सुरू.

टाकी रिकामी करायला बायकोनं हात लावला. मी तिला सांगितलं की डाव्या कोपऱ्यात जपून, तो आमचा सर्वोत्कृष्ट कर्मचारी आहे, फक्त तोच शेवटपर्यंत राहिला. तिनं फ्रेममधला फोटो बघितला. मग मातीत दोन बोटं घालून त्याला धरलं आणि ओढलं. तो येत राहिला, येत राहिला आणि गोल निघाला. त्याला टोकच नव्हतं.

बायकोनं रिंग बोटात धरली. मग माझ्याकडे पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, याला भाषणं दिलीस? मी हो म्हटलं. रोज? हो, म्हटलं.

ती आत गेली. बराच वेळ नळ चालू होता.

१४ एप्रिल

भिंतीवरून बायको आणि काकू बोलल्या. मला बोलावलं नव्हतं. ठरलं असं: काकूंची कंबर दुखते. खत चाळून पोत्यात भरायला त्यांना माणूस हवाय. अनुभव विचारला तेव्हा मी एकोणीस वर्षं असं सांगितलं. काकू म्हणाल्या, तो नको सांगूस, चाळणी धरता येते का?

अटी: सकाळी आठला हजर. उशीर झाला तर अर्धा दिवस कापणार. ढवळायचं नाही. गांडुळांशी बोलायचं नाही. पदनाम काय असेल असं मी विचारलं. काकूंनी देठं भिरकावली.

जेवायला घरी जायचं नाही, वेळ मोडतो. भिंतीच्या या बाजूला घर, त्या बाजूला डबा.

१५ एप्रिल, सकाळ

बायकोनं माझा डबा भरून ठेवलाय. तिचाच डबा. ती स्वतः साधी डबी घेऊन गेली.

झाकण उघडून बघितलं. रिंग बसवलेली आहे, घासूनपुसून. झाकण लावून आडवा धरला. उलटा धरला. जोरात हलवला. एक थेंब बाहेर आला नाही. दोन महिने मी त्याला काम शिकवत होतो.

भिंतीपलीकडून काकूंची हाक आली. हजेरी घेताहेत. निघतो.