पल्लवीचं शेत

मंगळवार, संध्याकाळ. शहापूर.

धसईच्या रमेशमामांनी गेमचा कन्सोल माझ्याकडे दुरुस्तीला दिला होता. नुसता पंखा साफ करायचा होता, भाताचा कोंडा अडकलेला. मामा स्वतः खेळत नाहीत. मुलगी पल्लवी वारली तेव्हापासून रोज तो लावतात आणि तिनं गेममध्ये केलेलं शेत, बांधावरचा आंबा बघत बसतात.

मला कुणी सांगितलं होतं डिस्क बदलायला? इतकी वर्षं पीसी जोडतोय, हात शिवशिवतात. म्हटलं, मोठी डिस्क टाकू, मामांना बरं वाटेल. पीसीची डिस्क दुसऱ्या पीसीत घातली तरी चालते. कन्सोलची डिस्क फक्त त्याच कन्सोलला वाचता येते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी कॉपी करायला ती पीसीलाच लावली. पीसीनं विचारलं, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू? सवयीनं ‘हो’ दाबलं आणि डिस्क कोरी झाली.

मामा आल्यावर सगळं सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कन्सोलवर हात ठेवला. मग म्हणाले, “तिचा आंबा पण नाय ऱ्हायला का रे? तो पण गेला?”

‘हो’ म्हणायला किती वेळ लागला मला. दुपारी बोटानं किती पटकन दाबलं होतं.