समुद्रावरचं की तळ्यावरचं

९ मे, दुपारी ३
निर्णय पक्का. रुपालीला मुंबईला न्यायचं. दोन दिवस, फाईव्ह स्टार. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला हॉटेल दाखवलं ते आळेफाट्याच्या मिसळीचं. आता कसर काढायची.
दोन हॉटेलं शॉर्टलिस्ट केली. एक समुद्रावरचं, एक तळ्यावरचं. फोटो बघता बघता दुपार झाली. दुकानात रिवायंडिंगला आलेल्या तीन पाण्याच्या मोटारी पडून आहेत. पडू देत.
रुपाली सध्या घोडेगावला, भाऊ भगवंताकडं. पोटाचं किरकोळ ऑपरेशन झालं. दवाखान्यातून परस्पर तिकडंच गेली. विश्रांती मिळते म्हणून.

१० मे
नोंद असावी म्हणून लिहितो. ऑपरेशनच्या दिवशी मी बैलगाडा शर्यतीत माईकवर होतो. यात्रेच्या पत्रिकेत नाव छापलेलं, ‘निवेदक : दादाभाऊ’. चाळीस गावांत हा आवाज ओळखतात. शब्द कसा मोडणार? तरी शेवटचा गाडा सुटला तसा गाडी काढून थेट नारायणगावचा दवाखाना गाठला. तोंडावरचा गुलालसुद्धा धुतला नाही, इतकी घाई केली.
रुपालीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. भुलीचा असर.
सकाळी दूध उतू गेलं. समोरच उभा होतो. बघत राहिलो.

१२ मे, रात्री
दोन्ही हॉटेलांचा सकाळचा नाष्टा तपासला. समुद्रावर बहात्तर पदार्थ. तळ्यावर साठ, पण डोसा समोर काढून देतात. आज दिवसभर याच कामात. घोडेगावाहून भगवंताचे दोन मिसकॉल. उचलले नाहीत, तुलनेचा तक्ता अर्धवट राहिला असता.
संकल्प : उद्यापासून वेळेवर जेवणार. कालची भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. चव कळली नाही. मीठच नव्हतं बहुतेक.

१३ मे
श्रेयाचा फोन, पुण्याहून. लेक म्हणाली, पप्पा, आईला हॉटेल नकोय. मी म्हणालो, आवाज तुटतोय. ती म्हणाली, तुटत नाहीये. एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.
पोरगी नोकरीला लागली की आईबापाच्या हौसेवर लक्ष ठेवते.

१७ मे, संध्याकाळी ७
घोडेगावला जाऊन आलो. फोटोंच्या रंगीत प्रिंट काढून नेल्या, लॅमिनेशन करून. ओसरीवर तिची भावजय कुरडया वाळत घालत होती, रुपाली खुर्चीत बसून होती. वाळलीय जरा. तिच्यासमोर दोन्ही हॉटेलं मांडली. बाथटब, पडदे, खिडकी. मुद्देसूद बोललो, बारा मिनिटं.
तिनं सगळ्या प्रिंट नीट पाहिल्या. एकेक. माझ्या हातात परत दिल्या आणि म्हणाली, “दोन हॉटेलं एवढी बारकाईनं बघितली तुमी. त्या दिवशी एक दवाखाना बघायचा व्हता.”
मुद्दा विषयाला धरून नव्हता. पण ‘न्हाई’ म्हणाली नाही. म्हणजे तत्त्वतः होकार.

१८ मे
समुद्रावरचं बुक केलं. चोवीस तारीख. हॉटेलच्या पोरीनं विचारलं, सर, काही विशेष प्रसंग? मी म्हणालो, पंचविसावा वाढदिवस, लग्नाचा. ती म्हणाली, अभिनंदन. बरं वाटायला हवं होतं.
गेणभाऊ दुकानात आला, मोटार मागत. म्हणाला, “राव, वहिनी कशाहेत?” म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास. म्हणाला, “माझी मंडळी जाऊन आली त्यांच्याकडं. लई धीराची बाई.” धीर कशाला लागला, ते विचारायचं राहिलं. गिऱ्हाईक होतं. म्हणजे तोच.

२३ मे
बॅग भरली. तिची साडी कपाटातून मीच निवडली, मोरपंखी. तिची आवडती. किंवा श्रेयाची असेल.
गाडी धुतली. केस रंगवले. कानाला डाग पडला.

२४ मे, सकाळी ११
घोडेगाव. भगवंताच्या दारात गाडीत बसून लिहितोय.
रुपाली घरातल्याच साडीत बाहेर आली. बॅग नाही. मी म्हणालो, चल, उशीर होतोय. ती म्हणाली, “तुमी जाऊन या.” मी म्हणालो, अगं बुकिंग दोघांचं आहे. ती पायरीवर बसली, हळू, पोटाला हात लावून. म्हणाली, “माझं ऑपरेशन कशाचं झालं, सांगता का?”
मी म्हणालो, पोटाचं.
ती म्हणाली, “पिशवी काढली माझी. आत गाठ व्हती. ती तपासायला पुण्याला पाठवली. कागदावर सही भगवंतानं केली. बारा तारखेला रिपोर्ट आला.”
काय आलं, असं मी विचारलं.
“कॅन्सर न्हाई,” ती म्हणाली. “साधी व्हती. चौदा दिवस झोपले न्हाई मी. तुमाला कुणी सांगितलं न्हाई, कारण तुमी इचारलं न्हाई.”
मग आत जाऊन तिनं पाण्याची बाटली भरून आणली, प्रवासाला म्हणून. दार पुढं केलं. कडी नाही लावली.
वहीची मागची पानं उलटून पाहिली. बारा तारीख. बहात्तर पदार्थ.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
मुंबई. आलो. कुठं जायचं ते सुचलं नाही आणि गाडीचं तोंड इकडंच होतं.
दारावरच्या माणसानं सलाम केला, मागं पाहिलं, मॅडम येतायत का म्हणून. पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेले, चोचीला चोच. बसायला जागा नव्हती. एक उचलून खुर्चीत ठेवला.
खिडकीत समुद्र आहे. फोटोत होता तेवढाच.
रुपालीला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पाच मुद्दे. तिनं उचलला. मी म्हणालो, पोचलो. ती म्हणाली, “जेवलात का?” मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो. मग म्हणालो, मी यायला पाहिजे होतं. त्या दिवशी.
कागदावर हा मुद्दा नव्हता.
मागं भावजयीच्या मिक्सरचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “बरं.” आणि ठेवला.

२५ मे, सकाळी १०
नाष्ट्याला चहा घेतला.
निघताना हॉटेलचा फॉर्म आला, मोबाईलवर. आपला मुक्काम कसा झाला? पाच स्टार दिले. आपण कुणासोबत आला होतात? जोडीदार, कुटुंब, मित्र, कामानिमित्त, एकटे.
आधी ‘जोडीदार’वर टिक केली. काढली. ‘कामानिमित्त’वर केली. बराच वेळ ठेवली. तीही काढली.
एकटे.
फॉर्मला काही वाटलं नाही. लगेच पुढचा प्रश्न आला : उशी कशी होती?