पेढ्याचं प्रोटीन

करी रोड,
रविवार

धनेश बाळा,

हे पत्र तुझ्या बोटीवर धाडणार नाहीये, म्हणूनच खरं लिहितेय.

फोनवर म्हटलं, पेढ्या बरा आहे. बरा नाहीये रे. तुझ्या कुत्र्याच्या पुढच्या पायाला हाडाचा कॅन्सर झालाय. परळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "मावशी, ह्याच्या रक्तात एक प्रोटीन फार वाढलंय. लक्षण चांगलं नाही."

मला काय कळणार? वाढलंय म्हणजे कमी करायचं, असंच वाटलं. तुझ्या बाबांची साखर वाढली तेव्हा आपण चहातली साखरच बंद केली होती ना? तसं मी पेढ्याचं अंडं बंद केलं, मासळी बंद केली. तीन आठवडे नुसता भात. माझ्या ताटाशी आला की ओरडायचे. एकदा तर फटका मारला.

काल बाई म्हणाल्या, "अहो, त्याचा खाण्याशी काय संबंध? ते त्या हाडातूनच रक्तात येतं. आजाराचा जोर किती, ते त्यावरून कळतं." मग दिवस किती उरले, मी विचारलं. तर म्हणे, ते नक्की सांगता येत नाही. मग नेमकं कळलं काय, ते मला अजून उमजत नाहीये.

आज दोन बांगडे उकडले, काटे काढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने वास घेतला, शेपटी हलवली. "खा रे," म्हटलं, तरी तोंड लावेना. मी ओरडेन म्हणून माझ्याकडेच बघत बसला.

तुझी,
आई