झाकलेला चेहरा, उघडा हात

ती. आईस,
तुला आणि तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना नमस्कार.

आधीच सांगते, मी ठीक आहे. कपाळाला तीनच टाके पडलेत.

निधी जमवण्याच्या परिषदेत, मी काम करते त्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या आश्रयगृहाचा फलक मीच लावला होता. त्यावरच्या फोटोत आमच्याकडे राहणाऱ्या एका बाईचा चेहरा झाकला, पण हातावरचा इस्त्रीच्या चटक्याचा डाग तसाच ठेवला. डाग दिसला की लोक थांबतात, असं कामाच्या पहिल्याच दिवशी मला शिकवलं होतं.

तिचा नवराही थांबला. तो तिथे खुर्च्या मांडायच्या कामावर होता. आपल्याच हातचा डाग त्याने ओळखला.

"कुठे लपवलीय तिला? बोल!" म्हणत त्याने खुर्चीच माझ्या डोक्यात घातली. केस धरून फलकावर आपटलं. तोंडातून रक्त आलं, पत्ता मात्र आला नाही. हट्टी, तुझीच मुलगी. शेवटी पोलिसांनी त्याला नेलं.

आश्रयगृहात परतल्यावर, डाग उघडा ठेवल्याबद्दल मी त्या बाईची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "पोरी, टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस."

आई, बाबा होते तोवर तू भर उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायचीस. मला वाटायचं, तुला थंडी वाजते. आता अर्ध्या बाह्या घालतेस ना?

तुझं,
शेंडेफळ