शिरेवरचा अंगठा

जळोची,
ता. १७ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. सारजावहिनींस,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दुधाच्या गाडीतून पाठवतेय. सर्जेराव रोज सकाळी पळसदेवचं दूध एमआयडीसीतल्या डेअरीवर आणतात आणि आमचे हे तिथंच कामाला, तेव्हा पोस्टापेक्षा हे टपाल बरं. दुपारी रिकाम्या कॅनबरोबर तुमच्या हातात पडेल.

बुधवारी तुम्ही आबांना इथल्या दवाखान्यात सोडून गेलात, त्यानंतर दोनदा डायलिसिसच्या मशीनवर त्यांचं रक्त साफ केलं. सूज उतरली, ओकाऱ्या थांबल्या. घाईत नळी जांघेतल्या शिरेत घातली होती, ती आता बदलायची म्हणतात. तिथं फार दिवस ठेवली तर पू होतो, आणि पाय दुमडायचा नाही म्हणून आबा दिवसभर उताणे. पुढं हातावर एक ऑपरेशन करून मशीनसाठी कायमची शीर तयार करतील, पण तिला तयार व्हायला दोन महिने लागतात. तोवर नळीला दुसरी जागा हवी. डॉक्टर म्हणतात, मान. आबा म्हणतात, मानंला सुरी बोकडाच्या लावत्यात, मी काय बोकड हाय का! जन्म मेंढरांमागं गेलेल्या माणसाला कोण समजावणार? कालपासून गळ्याचा मफलर सोडलेला नाही.

एक विचारू का वहिनी? भाकरीत तुम्ही काय चेटूक घालता? मी पहाटे उठून अळणी भाकरी करते, डबा घेऊन चालत दवाखान्यात जाते, आणि पहिला घास तोंडात गेला की आबा विचारतात, सारजानं धाडलंय व्हय. पोटची लेक समोर बसलीय, तिचं नाव नाही.

छकुलीचा गोवर कसा आहे? ती पुरती बरी होईपर्यंत तुम्ही इकडं येऊ नका. बिरूदादा ट्रकवरून आले की त्यांना सगळं सांगा. आमचा लोभ आहेच, तुमचाही असावा.

आपली,
छबू

---

पळसदेव,
ता. १८ फेब्रुवारी १९९६

सौ. छबूवन्सं यांस,
सारजाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. छकुलीच्या अंगावरचं पुरळ मावळायला लागलंय, ताप उतरलाय. काल महाशिवरात्र, पण तिला सोडून जाता आलं नाही. देऊळ तर पाण्याखालीच, म्हणून दारातूनच धरणाच्या पाण्याकडं हात जोडले आणि आबांसाठी मागणं मागितलं.

चेटूक काही नाही वन्सं, नऊ वर्षं आहेत. नऊ वर्षं त्यांचं पाणी तापवलं, पाय चेपले, ऐकू येईना तसं ओरडून बोलले. तुम्ही दिवाळीला यायचा, लाडू द्यायचा आणि जायचा. तुम्ही गेलात की आठवडाभर ते तुमचंच बोलायचे. तेव्हा मी कधी विचारलं नाही की लाडवात काय घातलं होतं.

सर्जेराव सांगत होते, तुम्ही वॉर्डात म्हणता की माझ्याकडं आणला म्हणून बाप वाचला. जीपमध्ये पळसदेवपासून बारामतीपर्यंत त्यांचं डोकं कुणाच्या मांडीवर होतं, ते सांगायचं राहून गेलं असेल. असू द्या.

बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नळीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तुम्ही विचारल्या नाहीत. तुम्हाला सगळं कळतंच, म्हणून मीही लिहीत नाही. मानेचं म्हणाल तर तीन-चार दिवसांत मी येते. आबा माझं ऐकतील, कसं ऐकतील तेही मला ठाऊक आहे. तोवर धीर धरावा.

रागावू नये, आणि रागावलात तरी मनात ठेवू नये.

आपली,
सारजा

---

जळोची,
ता. १९ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. सारजावहिनींस,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. फार लागलं. पण तुमची वाट बघायला वेळ नाही. आज सकाळपासून आबांना थंडी वाजून ताप आहे आणि जांघेतली नळी उद्या काढायचीच असं ठरलंय.

तुमच्यावाचून मार्ग निघाला, हे कळवायला आनंद वाटतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला गळ्याखालच्या हाडाच्या खाली, छातीवर नळी घातलीय. वर सदरा घातला की कुणाला दिसतसुद्धा नाही. आबांना दाखवली तर लगेच हो म्हणाले. मानंपक्षा हे ब्येस, असं म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. वहिनी, कित्येक वर्षांनी ठेवला. इथले डॉक्टर जरा का-कू करत होते, बुधवारी मोठे डॉक्टर येतील तेव्हा त्यांना विचारू म्हणाले. पण ताप आहे, पेशंट मानेला तयार नाही आणि घरचे याला तयार आहेत, असं मी ठासून सांगितलं आणि सही केली. आबा उजव्या कुशीवर झोपतात, म्हणून डाव्या बाजूला घालायला सांगितलंय. उद्या अकराची वेळ दिलीय.

तेव्हा तुम्ही सावकाश या. आबांनी माझं ऐकलंय.

छकुलीला पापा. आठवण ठेवावी.

आपली,
छबू

---

पळसदेव,
ता. १९, संध्याकाळ

वन्सं,

नमस्कार-चमत्कार पुढच्या खेपेला. सर्जेराव सकाळी आठला तुमच्या दारात येतील, त्यांना तशी शपथ घातलीय. पत्र उभ्यानं वाचा आणि दवाखान्यात जा.

हाडाखाली नळी घालू देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टी याच होत्या. एक, हाडाखालची शीर नळीनं आतून आकसते आणि मग त्या बाजूचा अख्खा हात सुजतो. दोन, आबा उजव्या हातानं कामं करतात, म्हणून पुढचं ऑपरेशन डाव्या हातावर करायचंय. त्या हाताला सुई लावू द्यायची नाही, रक्तदाबाचा पट्टासुद्धा नाही. तुम्ही सही केलीत ती नेमकी डाव्या बाजूला. तो हात गेला तर दोन महिन्यांनी मशीन जोडायचं कुठं? मानेत घालायची ती उजवीकडून, तिथून वाट सरळ आहे म्हणाले.

हे मला बुधवारपासून ठाऊक होतं. काल लिहिताना हातात पेन होतं, तरी लिहिलं नाही. मी आले, मी सांगितलं आणि आबा वाचले, असं सगळ्यांनी म्हणावं असं मला वाटत होतं. माझी जीभ झडो.

आता दुसरं सांगते, हेही मी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आबांना मोरी मेंढीची आठवण करून द्या. मेंढरांचा वाडा माळावर बसलेला असताना मोरी फुगून आडवी पडली होती. जनावरांचा डॉक्टर आला, पण मानेतली शीर सापडेना. आबांनी पाय धरलेले, दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा सहा वर्षांच्या एका पोरीनं लोकर बाजूला करून मोरीच्या मानेवर अंगठा दाबून धरला. शीर टरारून वर आली, सुई बसली, मोरी उठली. मानेतली सुई मारायला नसते, जगवायला असते, हे आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

ती पोर तुम्ही. तुम्हाला आठवत नसेल, मला पाठ आहे. दर चार दिवसांनी जेवताना हीच गोष्ट निघते. भाकरी माझ्या हातची आणि गोष्ट तुमची, असं नऊ वर्षं चाललंय. मला त्याचं फार वाईट वाटायचं वन्सं, म्हणून तुम्हाला कधी कळू दिलं नाही.

आता जा.

सारजा

---

जळोची,
ता. २२ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. सारजावहिनींस,
छबूचा शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी चूल तशीच टाकून पळाले. आबांना आत न्यायची तयारी झाली होती. डॉक्टरांसमोर हात जोडले, माझी सही खोडायला लावली. त्यांनी पुण्याला मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, तेही तेच म्हणाले. जांघेतली नळी तेवढी काढली, तापावर इंजेक्शनं सुरू केली, आणि काल बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः उजवीकडून मानेत नळी घातली. आज मशीन दोन तास नीट चाललं, ताप नाही. डाव्या हातावर मी निळ्या पेनानं मोठी फुली मारून ठेवलीय, येईल त्या नर्सला दाखवते.

आबांपुढं मोरीचं नाव काढलं. मग मफलर त्यांनी आपल्या हातानं सोडला. डॉक्टरांनी दाखवलं तिथं मी अंगठा ठेवला, तर डोळे मिटून म्हणाले, मोरी फुडल्या साली दोन कोकरं व्याली व्हती.

आता माझंही ऐका. आबा रोज तुम्हाला बोलवा म्हणत होते. छकुलीला गोवर आहे, असं मी त्यांना सांगत होते. ते खरंच होतं, पण सांगताना मला बरं वाटायचं. तुमच्याच जिभेला कशाला झडायला लावता?

गोवर गेला असला तर रविवारी दुधाच्या गाडीनं या. भाकरी तुमच्याच हातची आणा, मीठ मात्र घालू नका.

आणि एक. आज आबा नर्सबाईंना मोरीची गोष्ट सांगत होते. लोकर बाजूला केली, अंगठा दाबला, शीर वर आली, सगळं तुम्ही लिहिलंत तसंच. फक्त अंगठा कुणाचा म्हणून बाईंनी विचारलं, तर म्हणाले, कुनाचा म्हंजी, आमच्या सारजाचा.

तेव्हा तुम्ही आमच्या घरात आला नव्हता वहिनी, शाळेत असाल कुठंतरी. मला राग आला, खोटं कशाला सांगू. ओठावर आलं होतं. पण मी काही दुरुस्त केलं नाही.

लोभ आहे तो दोघींनी वाटून घ्यावा, ही विनंती.

आपली,
छबू